मदत हवी आहे : मोठ्याने वाचण्याजोग्या आजच्या कथा कुठे मिळतील?

आमच्या वाचनकट्ट्यावर दर महिन्याला एक नवी मराठी कथा मोठ्याने वाचतो आणि तिच्यावर बोलतो. बरेच जण सत्तरीपुढचे, बारीक छपाई झेपत नाही. म्हणून वीस मिनिटांत संपेल अशी, साधारण २००० ते २५०० शब्दांची कथा लागते.

ग्रंथालयातून दिवाळी अंक आणून चाळले. ‘मौज’, ‘अक्षर’मधल्या दीर्घकथा मनापासून आवडल्या, पण दोन बैठकींत तोडल्या की त्यांचा ताणच जातो. इतरत्र मिळालेल्या छोट्या कथांत वेगळीच अडचण. सुरुवात जिवंत, माणसं खरीखुरी बोलणारी, आणि शेवटच्या परिच्छेदात लेखक स्वतः येऊन अर्थ सांगून जातो. मग ऐकणाऱ्यांनी बोलायचं कशावर?

‘सत्यकथा’ हे कथांचं मासिक १९८२ साली बंद झालं. त्याचे जुने अंक आमच्याकडे आहेत, त्यामुळे त्यातल्या लेखकांची नावं नकोत. गेल्या पाचेक वर्षांतलं, छापील आणि टपालाने येणारं हवं. वर्गणी वर्षाला हजार रुपयांपर्यंत जमेल. अनुवाद नकोत. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी संवाद असले तर फारच उत्तम, वाचणारे आहेत आमच्यात.

दिवाळीखेरीज वर्षभर अशा कथा छापणारं मासिक किंवा त्रैमासिक कोणतं, आणि त्यातली कोणती कथा आधी वाचावी?