अनुभव धागा : मोबाइलवर मोजलेली गाडीची ओढ

गाडीच्या इंजिनाची ताकद मोबाइलच्या अ‍ॅपवर मोजायचा उद्योग तुमच्यापैकी कुणी केला आहे का? मी केला आणि घरात माझे हसे झाले, म्हणून हा धागा काढतो आहे. गोव्यातल्या रस्त्यांवरचे अनुभव असतील तर उत्तमच. आकडे चुकलेले असले तरी लिहा, किंबहुना चुकलेलेच आधी लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. गाडी २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट, कागदावर पॉवर ८३ पीएस (घोडे म्हणा) आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळायचा जोर, ११३ न्यूटन-मीटर. स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गॅरेजवाले गाडीच्या कंप्युटरची माहिती वाचतात तिथे) लावायचे ब्लूटूथ डोंगल घेतले, अ‍ॅप टाकले, त्यात गाडीचे आणि माझे मिळून ९४५ किलो वजन भरले. अ‍ॅपचे काम सरळ आहे. गाडीचा वेग किती झपाट्याने वाढतो ते बघायचे, त्याला वजनाने गुणायचे की चाकांचा जोर निघतो, जोराला वेगाने गुणले की पॉवर. टॉर्क त्यावरून इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेरे) घेऊन काढतात.

पहिल्या फेरीत ८६ पीएस आले. बायको म्हणाली, "कंपनीने चुकून मोठे इंजिन बसवले की काय?" त्याच रस्त्यावर उलट्या दिशेने गेलो तर ५५. रस्ता फर्मागुढीचा. तो उतार आहे हे फोंड्यातले शेंबडे पोरही सांगेल, पण मी विचारले मोबाइलला. शेवटी एका रविवारी पहाटे रायबंदरच्या जुन्या कॉजवेवर गेलो. मांडवीच्या काठाने सपाट, सरळ रस्ता. दुसऱ्या गिअरमध्ये जाताना ६९, येताना ७१. आता प्रश्न असा, की कागदावरचे उरलेले बारा-तेरा घोडे गेले कुठे?

जुना पाना

कुठेही गेले नाहीत दादा. कंपनी इंजिन बाकावर बांधून त्याच्या क्रँकवर (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर) मोजते, तुम्ही चाकांवर मोजलेत. मधे गिअरबॉक्स आहे, डिफरन्शियल आहे, बेअरिंगे आहेत, ती सगळी आपापला हप्ता खातात. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत दहा-पंधरा टक्के जाणारच. ६९-७१ म्हणजे तुमचे इंजिन ठणठणीत आहे. काही अ‍ॅप हा तोटा स्वतःच मिळवून दाखवतात, तेव्हा सेटिंगमध्ये बघा तुमचा आकडा चाकावरचा आहे की इंजिनाचा. आणखी एक, पीएस आणि बीएचपी एकच समजू नका. पीएस म्हणजे ७३५.५ वॅट, बीएचपी म्हणजे ७४५.७. फरक सुमारे १.४ टक्क्यांचा, पण गॅरेजात त्याच्यावरून भांडणे झालेली मी पाहिली आहेत.

मांडवीकाठ

कॉजवेवर पहाटे लोक चालायला येतात, गळ टाकून मासे गरवायला बसतात. तिथे गाडी ताणायची जागा नाही हो. मागच्याच महिन्यात एक गाडी अशी अंगाजवळून गेली की माझ्या शेजाऱ्याच्या हातातला गळ पाण्यात पडला. ते तुम्हीच नव्हता ना?

धागाकर्ता

मी नव्हतो, पण मुद्दा मान्य. पुन्हा तिथे नाही.

घाटमाथा, डिचोली

माझी फजिती ऐका. जुनी १.३ डिझेल, ७५ पीएसची. एका दुकानात सांगितले, इंजिनाचा मॅप (इंधन किती, कधी सोडायचे याचे कंप्युटरमधले कोष्टक) बदलून देतो, पॉवर वीसने वाढेल. मी म्हटले, आधी मोजतो. मोजले, आले ५४. काम करून घेतले, चार दिवसांनी मोजले, आले ६७. तेरा वाढले! वीस नसतील, पण तेरा काही थोडे नाहीत. मित्रांना चहा पाजला, दुकानाचा पत्ताही दोघांना दिला.

रात्री झोपताना आठवले. पहिल्यांदा मोजले तो दिवस चवथीच्या बाजाराचा होता. गाडीत आई, बायको, दोन मुले. डिकीत तांदळाचे पोते, पन्नासेक नारळ, आणि मागच्या काचेपर्यंत माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळांचे) सामान, त्यातला एक सुपारीचा घड तर गिअरच्या दांड्याला टेकलेला. अ‍ॅपला मी सांगितलेले वजन होते गाडी अधिक मी एकटा, १२०० किलो. खरे वजन त्याहून दोनशेने तरी जास्त. गाडी बिचारी सगळे ओढत होती आणि अ‍ॅप तिला मरतुकडी ठरवत होते. दुसऱ्या वेळी मी खरेच एकटा होतो.

मग मॅप पूर्ववत करून घेतला (त्याचेही पैसे घेतले, असो), टाकी अर्धी, गाडीत मी एकटा, तोच रस्ता, तीच वेळ. ६४ आले. म्हणजे खरा फरक तीनचा, आणि तीनचा फरक तर दोन फेऱ्यांत एरवीही पडतो.

एक गोष्ट मात्र या अ‍ॅपमुळे डोक्यात शिरली. माझ्या गाडीचा टॉर्क १९० न्यूटन-मीटर, पण तो २००० आरपीएमला. तिथे पॉवर निघते ५४ पीएसच. पूर्ण ७५ पीएस ४००० ला मिळतात आणि तेव्हा टॉर्क १३२ वर उतरलेला असतो. आलेखात ही टेकडी डोळ्यांनी दिसली. चोर्ला घाटाच्या चढाला गाडी तिसऱ्यात २००० वर ठेवली की का मजेत चढते आणि उगाच रेस केली की नुसती का ओरडते, हे वीस वर्षे गाडी चालवून आत्ता कळले.

खडू-फळा, म्हापसा

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. वर वजनाचा घोळ झाला, आता वेळेचा बघा. १००० किलोची गाडी ताशी ४० वरून ६० वर गेली की तिची गतिज ऊर्जा सुमारे ७७ हजार ज्यूलने वाढते. याला २ सेकंद लागले तर पॉवर ३८.६ किलोवॅट, म्हणजे ५२ पीएस. २.२ सेकंद लागले तर ४८. दोन दशांश सेकंदात चार घोडे पळाले! आणि फोनचा जीपीएस साधारण सेकंदातून एकदाच वेग सांगतो. हवेचा आणि टायरचा विरोध वेगळाच, तो यात धरलेलाच नाही.

डोंगल न लावता फोनच्या आतल्या सेन्सरवर मोजणाऱ्यांचा घोळ आणखी मजेदार असतो. गाडी दाबली की तिचे नाक उचलते, त्याबरोबर फोनही मागे कलतो, आणि फोनला गुरुत्वाकर्षणाचा तुकडा वेग वाढल्यासारखा वाटतो. फक्त १ अंश कलला तरी याच गाडीला ताशी ६० च्या वेगात जवळजवळ ४ पीएस फुकट मिळतात. रस्त्याला शंभर मीटरमागे पावणेदोन मीटर चढ-उतार असला तरी हिशोब तोच. आमच्या घरी फोन कपहोल्डरमध्ये उभा ठेवून मोजणी झाली होती. आकडा सांगत नाही, नवरा हा धागा वाचतो.

वाळपईकर

पावसात कुणी मोजू नका. जुलैत चिखलाच्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला, पुढची चाके जागच्या जागी गरगरली. डोंगलला चाकांचाच वेग कळतो, त्याला वाटले गाडी उडाली. १४० पीएस! माझी गाडी ८०० सीसीची आहे. स्क्रीनशॉट जपून ठेवला आहे.

टॅक्सीवाला, पेडणे

मला पीएसबिएसशी देणेघेणे नाही, गाडी भाड्यावर चालते. पण डोंगल माझ्या कामाला आले ते सांगतो. मोपा विमानतळावरून भाडे घेऊन बेळगावला निघालो होतो. चोर्ला घाटात गाडीला दम वाटेना. आवाज वाढतो, गाडी पुढे सरकत नाही. पाहुण्यांना वाटले मीच घाबरत चालवतो आहे. फोनवर आरपीएम आणि वेग शेजारी शेजारी लावले. सपाटीवर तिसऱ्या गिअरात ताशी ३६ ला २००० आरपीएम असते, हे मला पाठ. घाटात त्याच ३६ ला २६०० दाखवत होते. गिअर एकच असताना हे प्रमाण बदलायला नको. इंजिन फिरते आणि चाकापर्यंत पोचत नाही, म्हणजे क्लच सरकतो आहे. दोन वळणांनी जळका वासही आलाच. पाहुण्यांना थांबवून चहा दिला, क्लच थंड केला, हळूहळू पोचवले. परत आल्यावर गॅरेजमध्ये आधी म्हणाले इंजेक्टर साफ करूया. मी फोन दाखवला. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा क्लचप्लेट रिव्हेटपर्यंत घासलेली निघाली.

बुलेटप्रेमी

दुचाकीवाल्यांनी काय करायचे? पणजीच्या अटल सेतूवर तर आम्हाला सोडतच नाहीत.

जुना पाना

सेतूवर चारचाकीवाल्यांनीही हे धंदे करू नयेत. आणि पॉवरच्या टोकापर्यंत गाडी ताणायची गरजच काय? तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ६० चा वेळ घ्या, वेग कायद्यात राहतो आणि ओढ कमी झाली असेल तर तिथेच दिसते. एसी बंद ठेवा, टायरची हवा बघा, दोन्ही दिशांना तीन-तीन फेऱ्या, मग सरासरी. शेजारी कुणाला तरी बसवा म्हणजे तुमची नजर रस्त्यावर राहील, फक्त त्याचे वजन धरायला विसरू नका. डोंगलबद्दल सांगायचे तर अगदी स्वस्तातले माहिती इतकी सावकाश देते की आलेखाच्या पायऱ्या होतात. आयफोनवाल्यांनी चालेल की नाही ते विचारूनच घ्यावे, साधे ब्लूटूथचे त्याला बहुधा जोडले जात नाही. आणि गाडी आठ दिवस उभी राहणार असेल तर काढून ठेवा, बॅटरी पिते.

धागाकर्ता

पानेकाका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केले. वेर्ण्याच्या पठारावर सपाट तुकडा शोधला, रविवारी सकाळी औद्योगिक वसाहत रिकामी असते. भाचा शेजारी, ५२ किलो, आधी वजनकाट्यावर उभा करून घेतला. तिसरा गिअर, ३० ते ६०, सहा फेऱ्या. सेकंद असे : ५.९, ६.१, ५.८, ६.२, ६.०, ५.९. फर्मागुढीच्या मानाने हे आकडे एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात.

घरी येऊन एअर फिल्टरचा डबा उघडला. आत लाल धूळ, दोन वाळकी पाने आणि एक झुरळ. नवा फिल्टर शनिवारी मिळेल. भाच्याला जेवण जास्त वाढू नका असे बहिणीला सांगितले आहे. रविवारी तोच रस्ता, आकडे इथेच टाकतो.