रक्ताचा कॅन्सर, पाळी जाणं आणि एचआरटी (पाळी गेल्यावर देतात ती हार्मोन) : तुमचे अनुभव

रानजाई
काल मावसबहिणीचा फोन आला. रात्री दोनदा गाऊन बदलावा लागतो म्हणाली, आणि सगळं आठवलं. मला सीएमएल (रक्ताच्या कॅन्सरचा, ल्युकेमियाचा एक प्रकार), त्यावर इमॅटिनिबची गोळी चालू. पाळी जायच्या सुमारास उशीचा अभ्रा पिळून काढावा इतका घाम. ल्युकेमियातही रात्री घाम येतो, त्यामुळे घरात सगळेच धास्तावले. बीसीआर-एबीएल केली (आजार किती उरलाय ते दाखवणारी रक्ततपासणी), छान आली. मग गायनॅककडे गेले, तर "कॅन्सर आहे ना? मग हार्मोन नाहीच." संपलं! शेवटी माझ्या हेमॅटॉलॉजिस्टनी (रक्ताच्या डॉक्टरांनी) स्वतः त्यांना फोन लावला. म्हणाले, स्तनाचे बरेचसे कॅन्सर इस्ट्रोजेनवर पोसतात, हा तसा नाही; बघायचं ते गुठळी आणि रक्तस्राव. मला इस्ट्रोजेनचं जेल मिळालं, आणि गर्भाशय आहे म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन. जेल दंडाला चोळते, वाळेपर्यंत नातवाला उचलून घेत नाही. झोप परत आली हो! लिहा तुम्हीपण.

शमा_के
जेलच का? गोळी सोपी ना?

मेधा७०
शमा, गोळी आधी यकृतात जाते, तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात. कातडीतून घेतलं की ते बरंचसं टळतं.
मला जेलही नाही दिलं पण. मी निलोटिनिबवर (तेही सीएमएलचंच औषध), त्यानेच रक्तवाहिन्या अरुंद होऊ शकतात, वर माझं बीपी. हार्मोनऐवजी गॅबापेन्टिनची गोळी दिलीय रात्री. घाम बराच कमी, सकाळी थोडी गुंगी. कुकर झालाय, नंतर लिहिते.

अबोली
सासूबाईंना सीएलएल (हाही रक्ताचा कॅन्सर, बहुतेकदा हळू वाढणारा), औषध नाही, नुसती तपासणी. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर घाम सुरू झाला, सगळे म्हणाले वयाचं आहे. वजन उतरलं, काखेत गाठी. आजारच वाढला होता. बायांनो, घाम नवा असेल तर आधी रक्त तपासा.

रानजाई
अबोली, कशा आहेत आता त्या?

अबोली
गोळ्या चालू झाल्या, बऱ्या आहेत. काल पुरणपोळ्या लाटल्या!

सायली_डोंबिवली
बहिणीचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट तिशीत झालं, पाळी कायमची गेली. तिला तर डॉक्टरांनी आग्रहाने एचआरटी दिली, हाडं आणि हृदयासाठी. एरवी पाळी जाते त्या वयापर्यंत घ्यायचीय. आई अजून घाबरते.

शमा_के
एचआरटीने स्तनाचा कॅन्सर वाढतो असं सांगणाऱ्या २००२ च्या अमेरिकन अभ्यासामुळे घाबरतात सगळे. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं! तिशीतल्या मुलीला तो कसा लावायचा?

वृंदाकाकू
सेंट जॉन्स वर्ट नावाच्या वनस्पतीच्या गोळ्या मैत्रिणीने आणून दिल्यात, मूड आणि घामासाठी. घेऊ का?

मेधा७०
काकू, इमॅटिनिब चालू असेल तर मुळीच नको!! औषधाची रक्तातली पातळी उतरते. निलोटिनिबचंही तेच. डॉक्टरांना दाखवा आधी.

वृंदाकाकू
बरं झालं विचारलं गं. इमॅटिनिबच आहे माझं. आणि पपनस? गणपतीत घरचे येतात.

मेधा७०
या औषधांबरोबर ग्रेपफ्रूट नको सांगतात, पपनस त्याच कुळातलं. मी खात नाही.

नीलम
कोरडेपणाचं कोणी लिहिलं नाही. मला फक्त आतून लावायचं इस्ट्रोजेन क्रीम दिलंय, रक्तात फारच थोडं जातं म्हणे. हेमॅटॉलॉजिस्टनी लगेच हो म्हटलं. लाजून फार सोसलं मी, तुम्ही नका सोसू.

अबोली
नीलम ❤️

सायली_डोंबिवली
घामासाठी चादरी कुठल्या वापरता? सोलापुरी जड पडते.

रानजाई
जुन्या सुती साड्यांची गोधडी. आईने शिवलेली, धुवून लगेच वाळते.