'इंटिमिडेटिंग' म्हणजे नक्की दोष कुणाचा?

निळीशाई
आमच्या ऑफिसातल्या एका टीम लीड मुलीला यंदाच्या अप्रेझलमध्ये शेरा मिळालाय, "टीममधल्या काहींना ती इंटिमिडेटिंग वाटते." ती ओरडत नाही, कुणाचा पाणउतारा करत नाही. मीटिंगला वाचून येते आणि "हा आकडा कुठून आला?" असं विचारते, बस.
इंटिमिडेट करणं म्हणजे धाकदपटशा दाखवणं, आणि त्याला तो दाखवणारा लागतो. समोरच्याने तयारी केली नव्हती म्हणून त्याच्या पोटात गोळा आला, तर त्याचं बिल हिच्या नावावर का फाडायचं? अशाच वागणाऱ्या पुरुषांना आमच्याकडे 'असर्टिव्ह' म्हणतात, आणि वर बढती देतात.

कोर्टकचेरी
सहमत. कायद्यात हा शब्द इतका सैल नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ बघा (जुन्या दंड संहितेत ५०३). तिथे शरीराला, अब्रूला किंवा मालमत्तेला इजा करण्याची धमकी लागते, आणि घाबरवण्याचा किंवा दबावाखाली काही करून घेण्याचा हेतूही लागतो. समोरचा नुसता घाबरला एवढ्यावर केस उभी राहत नाही.
खरं इंटिमिडेशन काय असतं ते अमेरिकेच्या इतिहासात वाचा. १८७६ च्या निवडणुकीच्या सुमारास लुइझियानात कृष्णवर्णीय मतदारांना चाबकाने फोडून, जिवाची भीती घालून मतदानापासून रोखलं जात होतं. त्या प्रकाराला 'बुलडोझ' म्हणायचे. आपल्याला माहीत असलेलं यंत्र फार नंतरचं, त्याला नाव तिथून मिळालं. त्या पंगतीत "आकडा कुठून आला?" बसतं का?

तिरकीरेघ
वकीलसाहेब, कोर्टातली व्याख्या कॅन्टीनमध्ये कशाला? इंग्रज माणूस "जाडजूड पुस्तक बघून इंटिमिडेट झालो" असं सहज म्हणतो. पुस्तकाने काय सुरा दाखवला? शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'टिमिडस' आहे, म्हणजे भित्रा. धमकी मुळातच नाही, भीती आहे.
शिवाय ती लीड आहे. ज्याचं रेटिंग तिच्या हातात, त्याला तिचा साधा प्रश्नही जड वाटू शकतो. तिचा हेतू चांगला असेल, पण ज्युनियरची बोलती बंद होत असेल तर ते सांगायचंच नाही का कुणी?

निळीशाई
मुळावरच जायचं तर 'बुली' घ्या. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ लाडका, जिवलग असा होता. आज वर्गातल्या दांडगटाला त्या अर्थाने हाक मारून बघा!
सांगायचं नाही असं मी म्हणत नाही. काय केलं ते सांगा. "काहींना वाटते" हा शेरा सुधारायचा कसा? कमी तयारी करून यायचं?

गोगलगाय
म्हणजे टीम 'काउड' झाली म्हणा की. काउ म्हणजे गाय, आपल्याकडे गरीब गाय, तसंच.

तिरकीरेघ
नाव घेतलंत तशीच व्युत्पत्ती. :) त्या क्रियापदाचा गायीशी संबंध नसावा. ते बहुधा जुन्या नॉर्स भाषेतल्या दडपणे, जुलूम करणे अशा अर्थाच्या शब्दावरून आलंय. आणि काउड म्हणजे पुरता नमलेला, तोंडातून शब्द न काढणारा. इथे मंडळींनी रीतसर शेरा नोंदवलाय, ती कुठली काउड!

कोर्टकचेरी
हा मुद्दा तुम्ही आमच्या बाजूने मांडलात, धन्यवाद.

खडूफळा
निवृत्त शिक्षिका आहे, गणित शिकवायचे. मराठीत आपण हिशेब वेगवेगळे ठेवतो. धाक, वचक, जरब ही ज्याची त्याची असते: "बाईंचा वर्गावर वचक आहे." दडपण मात्र ज्याला येतं त्याचं. हिचा वचक आहे की त्यांना दडपण येतं, हे त्या एका इंग्रजी शेऱ्यात कळतच नाही, म्हणून तो लिहिणाऱ्याला सोयीचा. आणि वचक ही आमच्या वेळी शिव्या खायची गोष्ट नव्हती हो, पालक मुद्दाम त्या तुकडीत मुलं घालायचे.

तिरकीरेघ
बाई, राग मानू नका, पण मी अशाच एका वचकवाल्या वर्गात होतो. पिनड्रॉप शांतता असायची. शंका विचारायला कुणी हात वर करत नसे आणि सरांना वाटायचं सगळ्यांना समजलंय. पालक खूश होते, मीही पास झालो, पण त्रिकोणमिती आजतागायत कच्ची. वचकाचं कौतुक बहुतेक वेळा वर्गाबाहेरचे करतात.

खडूफळा
राग कसला! पण तुमच्या सरांनी प्रश्न येऊ दिले नाहीत आणि ही मुलगी प्रश्न विचारतेय. दोघांना एकच माप?

तिरकीरेघ
प्रश्न कोण विचारतं याने फरक पडतो. खालून वर विचारला तर शंका, वरून खाली विचारला की झडती.

निळीशाई
झडती तर झडती, आकडा बरोबर हवा ना? असो. तिने आज एचआरला मेल टाकलाय: कुठल्या मीटिंगमध्ये, मी नेमकं काय बोलले, ते लेखी द्या.

गोगलगाय
झालं! आता एचआरवाले इंटिमिडेट होणार.