मदत हवी आहे: प्रा. लि. कंपनीच्या वेबसाइटवर नेमकं काय लिहावं लागतं? आणि घरचा पत्ता टाळता येतो का?

नमस्कार मंडळी,

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही कोकम आगळ आणि काजूगर तयार करतो. २०२१ मध्ये प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली. डायरेक्टर मी आणि माझी धाकटी बहीण, शेअरही आम्हा दोघींचेच.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका मोठ्या खरेदीदाराने आमचा व्हेंडर फॉर्म परत पाठवला. शेरा एकच: "वेबसाइटवर सीआयएन व नोंदणीकृत पत्ता नाही." सीआयएन म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक. साइट उघडून बघितली तर फुटरमध्ये ब्रँडचं नाव, 'सर्व हक्क राखीव' आणि एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर. कंपनीचं पूर्ण नाव कुठेच नाही.

शोधल्यावर कंपनी कायदा २०१३ चं कलम १२ आणि २०१४ च्या नियमांतला नियम २६ सापडला. कंपनीचं नाव, रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता, सीआयएन, फोन, असेल तर फॅक्स, ईमेल आणि चौकशी किंवा तक्रारीसाठी कोणाशी बोलायचं त्या माणसाचं नाव, एवढं द्यायचं असं दिसतं. हे 'संपर्क' पानावर दिलं तर चालेल का?

खरी अडचण पत्त्याची आहे. रजिस्टर्ड ऑफिस म्हणजे आमचं राहतं घर. बहीण लग्न होऊन कणकवलीला, मी दिवसभर कामाच्या भाड्याच्या शेडवर, घरी आई एकटी. पूर्वी घरूनच माल जायचा तेव्हा पाकिटावरचा पत्ता वाचून एक गृहस्थ फुटलेली बाटली घेऊन थेट पडवीत येऊन उभे राहिले होते. बोलले काही वावगं नाही, पण तेव्हापासून आई दुपारी पुढच्या दाराला कडी घालून बसते. तो पत्ता साइटवर टाकायला माझा हात धजत नाही. शेडचा पत्ता टाकला तर?

— काजूगर

सही_शिक्का:
ताई, मी कंपनी सेक्रेटरी आहे. 'संपर्क' पान चालणार नाही, नियमात होमपेज असंच म्हटलंय. फुटरमध्ये टाका म्हणजे होमपेजवर येतंच. नाव सर्टिफिकेटवर आहे तसं, 'प्रायव्हेट लिमिटेड'सकट. हीच माहिती लेटरहेड आणि बिलांवरही लागते, तीही एकदा काढून बघा. चुकलं तर दिवसाला १,००० रुपये दंड, कमाल १ लाख. कंपनीला वेगळा आणि जबाबदार डायरेक्टरला वेगळा, म्हणून हे लांबवू नका.

पत्ता झाकता येत नाही. एमसीएच्या, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर तो आजही कोणालाही दिसतो. फक्त शेडचा पत्ता देऊनही भागणार नाही. पण रजिस्टर्ड ऑफिसच शेडवर नेता येईल. शेड त्याच गावाच्या हद्दीत आहे का? असेल तर बोर्डाचा ठराव पुरतो. हद्दीबाहेर असेल तर भागधारकांचा विशेष ठराव करायचा आणि त्याची नोंद करणारा एमजीटी-१४ फॉर्म भरायचा. पत्ताबदलाचा आयएनसी-२२ फॉर्म दोन्ही बाबतींत लागतो, बदलापासून ३० दिवसांत. सोबत भाडेकरार, मालकाची संमती आणि दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल. राज्य तेच आहे, त्यामुळे सीआयएन बदलत नाही. जीएसटीतला पत्ता मात्र आठवणीने बदला.

शेडबाहेर कंपनीचं नाव आणि पत्त्याची पाटी लागेल, मराठीतही. कलम १२ मध्येच आहे ते, स्थानिक लिपी हवीच.

साइटवरून थेट विक्री करता ना? मग २०२० चे ई-कॉमर्स नियमही तुम्हाला लागू. तक्रार अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, संपर्क साइटवर द्यायचा. आलेल्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात. बाटली फुटली तर परतावा कसा मिळेल तेही लिहा. प्रत्येक मालाखाली निव्वळ वजन, एमआरपी आणि उत्पादकाचा पत्ता हवा.

— सही_शिक्का

काजूगर:
दादा, मनापासून आभार. आज संध्याकाळी भाच्याला बसवून फुटर भरायला घेतला. सीआयएनमध्ये २१ अक्षरं-अंक असतात असं वाचलं होतं म्हणून बोट ठेवून मोजलं: यू, पाच आकडे, एमएच, २०२१, पीटीसी आणि शेवटचे सहा. आमच्याकडे वीसच भरले! शेवटच्या सहातलं एक शून्य गळलं होतं. लेटरहेडवर बघितलं तर तिथेही तीच चूक, तीन वर्षं. आता सर्टिफिकेट समोर ठेवून दोन्हीकडे दुरुस्त केलंय. तक्रारीसाठी माझं नाव दिलं आणि शेडवरचा मोबाइल.

शेड शेजारच्या गावात आहे, म्हणजे विशेष ठराव. रविवारी बहिणीला बोलावलंय. तोवर साइटवर घरचाच पत्ता राहील. आईला तसं सांगितलं तर म्हणाली, "घाल गो, महिन्याभराचाच प्रश्न ना."

एकच शंका उरली. शेडचं वीजबिल मालकांच्या नावावर आहे आणि ते सध्या मुलाकडे ठाण्याला आहेत. संमतीपत्रावर सही करून त्यांनी स्कॅन पाठवला तर आयएनसी-२२ ला चालेल, की मूळ कागदच हातात हवा?