दुखण्याआधी दाखवलं होतं का? दातांच्या तपासणीचे आणि उपचारांचे इंदूरकरांचे अनुभव

गेल्या महिन्यात माझ्या सासूबाईंची खालची दाढ काढावी लागली. वर्षभर ती अधूनमधून शिवशिवत होती. थंड पाणी लागलं की कळ यायची, मग एक दिवस कळ आपोआप थांबली आणि आम्ही सगळेच विसरलो. डॉक्टरांनी आता सांगितलं, की दाढ बरी झाली म्हणून कळ थांबली नव्हती, आतली नस मेली होती. मुळाशी पू साठत गेला, आणि पोखरलेली दाढ जेवताना मुळापर्यंत चिरली. रूट कॅनाल करून वाचवण्याजोगं काही उरलं नव्हतं.

मनाला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. रामबागेतल्या ज्या दवाखान्यात हे झालं, तिथे माझ्या मुलाची तपासणी दर सहा महिन्यांनी होते. सासूबाई प्रत्येक वेळी सोबत येतात, बाहेर बाकावर बसतात, नातवाची पिशवी सांभाळतात. चार वर्षांत आम्ही एकदाही त्यांना आतल्या खुर्चीवर बसवलं नाही.

म्हणून हा धागा. तुमच्या घरात कुणाची तपासणी कधी झाली, काय निघालं, काय उपचार केले, किती खेपा लागल्या, नंतर कसं आहे, ते लिहा. चुकलं असेल तेही लिहा. डॉक्टरांची आणि दवाखान्यांची नावं मात्र नकोत.

सुदामानगर, दोन मुलांची आई

ताई, वाचून पोटात कालवलं. माझा अनुभव मुलीचा आहे आणि तो प्रत्येक आईला ठाऊक हवा असं मला मनापासून वाटतं.

मुलगी साडेसात वर्षांची होती. खाली, अगदी मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसला. मी म्हटलं, दुधाचीच दाढ आहे, पडेल आणि नवी येईल. वर्ष गेलं. शाळेत तपासणी शिबिर झालं तेव्हा चिठ्ठी घरी आली, म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आरसा धरून दाखवलं: ती दुधाची नव्हती. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना ती आल्याचं कळतच नाही. ती कायमची असते. म्हातारपणापर्यंत तीच चालवायची.

कीड खोल गेली होती, पण नसेपर्यंत नव्हती. डॉक्टरांनी कीड काढून दाताच्या रंगाचं कंपोझिट भरलं, निळ्या दिव्याने घट्ट केलं. बाकी तीन दाढांच्या खाचा खोल होत्या. त्यांत कीड नव्हती, पण अन्न अडकत होतं. त्या खाचांवर सीलंट, म्हणजे खाच बुजवणारा पातळ लेप, लावला. त्याला ना सुई लागली ना ड्रिलिंग, तिन्ही दाढा मिळून वीस मिनिटांत झाल्या. हे वर्षभर आधी केलं असतं तर चौथ्या दाढेलाही तेवढंच पुरलं असतं.

आणि दुधाची दाढ "पडणारच आहे" म्हणून सोडू नका. ती वेळेआधी गेली तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. माझ्या धाकट्याच्या बाबतीत तेच झालं असतं. त्याच्या किडलेल्या दाढेची नस साफ करून वर स्टीलची टोपी बसवली आहे. आता तो अकरा वर्षांचा होईपर्यंत ती टिकायला हवी.

तिलकनगर, बँकेत नोकरी

वरची डावी दाढ. पहिला रूट कॅनाल दुसरीकडे झाला होता. दोन वर्षांनी त्याच दाढेवर चावलं की ठणका सुरू. मला वाटलं रूट कॅनाल केलेल्या दाढेला नस नसते, मग दुखेल कशाला?

आमच्या घरच्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढून समजावलं. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन असली तरी आतल्या नळ्या बहुतेक वेळा चार असतात. चौथी फार बारीक असते. माझी ती तशीच राहून गेली होती, आणि त्या वाटेने जंतू मुळाच्या टोकापर्यंत पोचले होते. जुनं भरण काढून पुन्हा सगळं करावं लागलं.

हे नेमकं कसं होतं ते लिहितो, कारण भीती बरीचशी न कळल्यामुळे असते. आधी सुई, टोचताना चिमटा घेतल्यासारखं वाटतं, मग ओठ जड होतो. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात. त्यामुळे थुंकी आत जात नाही आणि औषध घशात उतरत नाही. मग बारीक सुयांसारख्या फाइलींनी नळ्या साफ करतात, पुन्हा पुन्हा औषधाने धुतात, लांबी मोजतात. शेवटी त्या गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने बंद करतात. पहिली खेप दीड तासाची होती, दुसरी तासाभराची. दुखलं नाही. जबडा मात्र उघडून उघडून अवघडला.

यानंतरची चूक माझीच. दाढेत तात्पुरतं भरण होतं आणि पंधरा दिवसांत कॅपसाठी बोलावलं होतं. बँकेत मार्चअखेरची कामं जानेवारीपासूनच सुरू होतात, मी पुढे ढकललं. संक्रांतीला कडक गुळाची वडी चावली आणि दाढेचा एक कोपरा तुटून हातात आला. आत पोकळी केल्यावर दाढेच्या भिंती पातळ राहतात. त्यांना वरून कॅपने बांधलं नाही तर त्या उभ्या फुटतात. नशीब की चीर हिरडीच्या वरच थांबली. आतून भक्कम भरण करून झिरकोनियाची कॅप बसवली. आता तीन वर्षं झाली.

रूट कॅनालचा खर्च विचारताना कॅपचाही एकदमच विचारा आणि दोन्ही तारखा एकदमच घ्या.

नारायणबाग

दात साफ करून घेतल्यावर ते हलायला लागतात, फटी पडतात, असं आमच्याकडे पक्कं समजलं जायचं. माझ्या वडिलांनी याच भीतीने कधी केलं नाही. माझं केलं तेव्हा खरंच खालच्या पुढच्या दातांत फटी दिसल्या. डॉक्टरांनी साठलेल्या थराचा तुकडा कापसावर ठेवून दाखवला. फटीत तोच दगडासारखा बसला होता, त्याच्याखाली हिरडी सुजून खाली सरकत होती. आठवडाभर थंड पाण्याने दात शिवशिवले, मग थांबलं. ब्रश करताना रक्त येत होतं तेही बंद झालं. मला मधुमेह आहे. हिरड्यांचा दाह असेल तर साखर आटोक्यात यायला त्रास होतो आणि साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

राजेंद्रनगर, निवृत्त शिक्षिका

वय 74. वरची कवळी अकरा वर्षं तीच वापरली. सैल व्हायला लागली तशी चिकटवायची पेस्ट वाढवत गेले. रात्री काढत नसे, कारण कुणासमोर तोंड उघडं पडू नये असं वाटायचं. धुवायची तर उकळतं पाणी. टाळू लाल होऊन जळजळायला लागला तेव्हा मुलाने नेलं.

टाळूला बुरशी झाली होती. कवळी रात्रभर तोंडात राहिल्याने हिरडीला विसावाच मिळत नव्हता, आणि गरम पाण्याने कवळीचा आकार बिघडला होता. शिवाय दात गेल्यावर जबड्याचं हाड हळूहळू झिजत जातं. त्यामुळे कवळी तीच राहते, पण तिच्याखालची जमीन बदलते. हे मी मुलांना भूगोलात शिकवलं असतं, स्वतःच्या तोंडाचं मात्र कळलं नाही.

औषधाने टाळू बरा झाल्यावर नवी कवळी केली, पाच खेपा लागल्या. माप, मग मेणावरचा चावा, मग मेणात दात लावून बघणं. त्या खेपेला सुनेला सोबत घेऊन गेले, दातांचा रंग तिने ठरवला. खाली दात मुळीच नव्हते आणि खालची कवळी कधीच बसत नसे. तिथे टायटॅनियमचे दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे स्क्रू, घातले. ते हाडात रुजायला तीन महिने थांबावं लागलं, नंतर कवळी त्यांवर खटकन बसते. आता मी पोह्यांवर शेव घालून खाते. सहा वर्षं शेव भिजवून खात होते.

रात्री काढायची, मऊ ब्रशने साध्या पाण्यात धुवायची, पाण्यात ठेवायची. एवढंच.

वल्लभनगर

छोटासा अनुभव. 1988 मध्ये दोन दाढांत चांदी भरली होती. आपण चांदी म्हणतो, पण त्यात जवळपास निम्मा पारा असतो हे वाचून घाबरलो आणि काढून टाका म्हणून गेलो. डॉक्टरांनी तपासून एकच बदलली, जिची कड उचकटून खाली कीड गेली होती. दुसरी घट्ट आहे. ती उगाच कोरली तर चांगला दातही कोरला जाईल आणि पाऱ्याची वाफही तेव्हाच जास्त निघेल, म्हणाले. पैसे मिळत असताना "गरज नाही" म्हणणाऱ्या डॉक्टरांवर माझा विश्वास बसला.

माहेर धार जिल्हा, आता अन्नपूर्णा रोड

माझ्या पुढच्या दातांवर तपकिरी डाग लहानपणापासून आहेत. कॉलेजात सगळे समजायचे मी दात घासत नाही. मी हसताना ओढणी तोंडावर धरायचे, लग्नाच्या फोटोंतही ओठ मिटलेले आहेत. काळं मंजन, राख, मीठ, सगळं घासून पाहिलं, त्याने दात झिजले आणि डाग तसेच राहिले.

इथे पहिल्यांदा तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "लहानपणी पाणी कुठलं प्यायचात?" आमच्या गावात बोअरिंगचं. आमच्या भागातल्या जमिनीखालच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पिण्याजोगं धरत नाहीत. दात हिरडीच्या आत घडत असतानाच ते पाणी पोटात गेलं तर दाताचा वरचा थर कच्चा राहतो. म्हणजे डाग दातावर नव्हते, दातातच होते. माझा काहीच दोष नव्हता, हे कळायला मला 31 वर्षं लागली. त्या खुर्चीवर मी रडले.

वरचा अगदी पातळ थर औषधाने घासून काढला, मग चार दातांवर कंपोझिटचा मुलामा दिला. दोन खेपा. काही वर्षांनी तो पुन्हा नीट करावा लागेल हे आधीच सांगितलं होतं. भाचरांना आता दुसरं पाणी पाजा म्हणून मी भावाच्या मागे लागले आहे.

लोकमान्यनगर

मुलगा बारा वर्षांचा. मैदानावर बॅट लागून वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर पडला. मी रुमालात गुंडाळणार तेवढ्यात शेजारच्या काकूंनी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी फोनवर सांगितलं तसं केलं: दात पांढऱ्या बाजूने धरला, मुळाला हात लावला नाही, घासला नाही. नुसता पाण्याखाली क्षणभर धरला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून थंड दुधाची पिशवी घेऊन दुधात टाकला. 25 मिनिटांत दवाखान्यात पोचलो. दात जागेवर बसवून शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला, दोन आठवडे. दरम्यान रूट कॅनाल सुरू केला. आज दीड वर्ष झालं, दात आहे. पुढे मूळ विरघळू शकतं, म्हणून दर काही महिन्यांनी एक्स-रे असतो. हे फक्त कायमच्या दातासाठी. दुधाचा दात असा परत बसवत नाहीत.

कापड बाजारात दुकान

लिहू की नको असा विचार करत होतो. आपल्या मध्य प्रदेशात गुटख्यावर बंदी आली 1 एप्रिल 2012 पासून, देशात सगळ्यात आधी. मी तेव्हा गुटखा सोडला. घरच्यांनी पेढे वाटले. पण तोंडात काहीतरी हवं म्हणून साधी सुपारी धरली. तंबाखू नाही, मग काय हरकत, असं वाटायचं.

गेल्या वर्षी मागची दाढ भरायला गेलो. डॉक्टर म्हणाले, मोठा आ करा. मी करतच होतो. त्यांनी माझीच बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. तीन जायला हवीत, माझी जेमतेम दोन गेली. गालाला आतून हात लावला तर दोऱ्यांसारखे पट्टे लागले. तिखट झोंबत होतं ते मी आमच्या शेवेला दोष देत होतो. नुसत्या सुपारीनेही हे होतं, आणि यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. सुपारी त्याच दिवशी सोडली. तोंड पुन्हा पूर्ण उघडणार नाही. व्यायाम करतो, दर तीन महिन्यांनी गाल तपासून घेतो. दाढ भरायला डॉक्टरांचा हात आत नीट पोचेना, त्या साध्या कामाला तीन खेपा लागल्या. बाजारातल्या माझ्या भावंडांनो, आज घरी आरशासमोर तीन बोटं घालून बघा.

एका दवाखान्यात 19 वर्षं मदतनीस

मी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूची. लोक दात दाखवतात पण औषधं सांगत नाहीत. रक्त पातळ करण्याची गोळी असेल तर सांगा, आणि दात काढायचा म्हणून ती स्वतःहून बंदही करू नका. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी चालू असेल तर दाढ काढण्याआधी नक्की सांगा, जबड्याचं हाड भरून येत नाही कधी कधी. दिवस गेले असतील तर सांगा. चौथा ते सहावा महिना उपचारांना सोयीचा, पण दुखत असेल तर तेवढंही थांबू नका. आणि दुखऱ्या दाढेशी हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवू नका. पांढरी भाजलेली हिरडी घेऊन येणारी माणसं मी अजून दर महिन्याला बघते.

हत्यारं सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली जातात का, ते बघा. पाकिटावरची खूण जंतू मारणाऱ्या यंत्रातल्या वाफेने रंग बदलते. विचारलंत तर आम्हाला राग येत नाही.

धागा सुरू करणारी, पुन्हा

सगळ्यांचं वाचून झालं. काल सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, या वेळी पिशवी मी धरली. पूर्ण तपासणी आणि मोठा एक्स-रे झाला. वरच्या दोन दाढांमध्ये, दोघींच्या मधोमध, कीड निघाली. वरून बघून कुणालाच दिसली नसती. अजून नसेपासून लांब आहे. शनिवारी एक भरतील, पुढच्या बुधवारी दुसरी. काढलेल्या दाढेच्या जागी काय बसवायचं ते जखम भरल्यावर ठरवू. हाडांची गोळी त्या घेतात, हे मदतनीस ताईंचं वाचून मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लगेच लिहून घेतलं, आणि किती वर्षांपासून घेतात ते विचारलं. मला सांगता आलं नाही. सासूबाईंनी सांगितलं, सहा.