सालामांका: धावती भेट की मुक्काम? (सोबत सासूबाई, अंडंही न खाणाऱ्या)

जोडभावी_पेठ

नमस्कार मंडळी. लेक माद्रिदला नोकरीला आहे. ऑक्टोबरमध्ये मी, हे आणि सासूबाई तिच्याकडे चाललोय. लेकीला सुट्टी फक्त शनिवार-रविवार. ह्यांचं म्हणणं तोलेदो करू, जवळ आहे. माझ्या मनात सालामांका आहे. मी शाळेत इतिहास शिकवते. आपलं सोलापूर विद्यापीठ 2004 चं, तिथलं 1218 चं. स्पेनमधलं आजही चालू असलेलं सगळ्यात जुनं. एवढ्या लांब जाऊन ते बघायचं नाही म्हणजे काय!

पण यूट्यूबवर बघावं तर प्रत्येक जण विद्यापीठाच्या भिंतीवरचा बेडूक शोधतोय, सापडला की ओरडतोय आणि व्हिडिओ संपतोय. त्या बेडकापलीकडे तिथे काय आहे, कुणी सांगेल का? सकाळी जाऊन रात्री परत यावं की राहावं? सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने जमत नाहीत. आणि त्यांना अंडंही चालत नाही.

पार्क_चौक_कट्टा

तोलेदो करा की ओ ताई. माद्रिदहून गाडीनं अर्ध्या तासात पोचता. सालामांका म्हणजे नुसती कॉलेजं आणि चर्च. हां, एक भारी आहे, चारशे-पाचशे वर्षं जुन्या चर्चवर अंतराळवीर कोरलाय म्हणे, व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता फोटो. त्या काळच्या लोकांना कसं कळलं हे कुणालाच माहीत नाही.

टाकीचा_घाव

कट्टेकर, कळलंय की सगळ्यांना. तो अंतराळवीर 1992 सालचा आहे. नव्या कॅथेड्रलच्या उत्तरेकडच्या दाराची डागडुजी निघाली, तेव्हा कारागिरांनी आपल्या काळाची खूण म्हणून कोरला. त्याच दारावर आइस्क्रीम खाणारा एक राक्षसही बसवलाय, तो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला दिसत नाही.

ताई, तुम्ही सालामांकाच करा आणि एक रात्र राहा. मी बांधकामाची कंत्राटं घ्यायचो, सगळा जन्म वडार आणि पाथरवटांबरोबर गेला, त्यामुळे मला गाव म्हणजे आधी दगड दिसतो. तेव्हा तसंच सांगतो.

आपल्याकडचा दगड काळा. भुईकोट बघा, त्या दगडावर टाकी मारली की ठिणगी उडते. घडवणारा घामाघूम होतो आणि नक्षी मोजकीच निघते. सालामांकाचा दगड वेगळा. शहराला लागूनच बियामायोर नावाचं गाव आहे, तिथल्या खाणीतला वाळूचा दगड. खाणीतून निघतो तेव्हा ओलसर आणि मऊ असतो, हत्यार सहज चालतं. मग हवेवर वाळत जातो तसा घट्ट होतो. त्यात लोखंडाचा अंश आहे, तो हवा लागून रंग धरतो, म्हणून अख्खं जुनं शहर पिवळं-सोनेरी दिसतं. दगड मिळाला असा म्हणूनच विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर वीतभर जागा मोकळी सोडलेली नाही. 1530 च्या सुमाराची ती भिंत आहे. आपल्या जेकार्ड चादरीसारखे पट्ट्यावर पट्टे: खाली राजा फर्दिनांद आणि राणी इसाबेला एका गोलात, वर ढाली, गरुड, त्याच्याही वर पोप. बेडूक उजव्या खांबावर एका कवटीच्या डोक्यावर बसलाय, न विचारता सापडला तर परीक्षेत पास असं पोरं मानतात. तो एवढासा आहे हो! लोक तो शोधायच्या नादात बाकीची भिंत बघतच नाहीत.

पण या दगडाची खोड अशी की खालून ओल चढली की पापुद्रे सुटतात. ते तिथल्या जुन्या गवंड्यांना पक्कं माहीत होतं. मोठ्या इमारतींचं जोतं नीट बघा, बऱ्याच ठिकाणी खालचे थर करड्या ग्रॅनाइटचे आहेत आणि सोनेरी दगड त्याच्यावरून सुरू होतो. जिथे ते केलं नाही तिथे कोपरे कुरतडल्यासारखे दिसतील. मी तर एका गल्लीत भिंतीच्या पायथ्याशी वाकून बघत बसलो, बायको पुढे निघून गेली.

आता मुक्काम का, ते सांगतो. पहिल्यांदा गेलो ते एका टूरवाल्याच्या बसनं. भर दुपारी उतरवलं, बेडूक, चर्च, दुकान, आणि चला परत. दुपारच्या उन्हात त्या भिंतीवर काही उठून दिसत नाही, सगळं सपाट. सूर्य कलला की तिरप्या उजेडात प्रत्येक पानाची, प्रत्येक चेहऱ्याची सावली पडते, तेव्हा कोरीव काम कळतं. रात्री प्लाझा मायोरला, म्हणजे गावातल्या मुख्य चौकात, दिवे लावतात. 1729 ते 1755 इतकी वर्षं चाललेलं काम आहे ते, आराखडा आल्बेर्तो दे चुरीगेराचा. भोवती 88 कमानी आणि कमानींच्या मधे राजे, सेनापती, लेखक यांचे गोल चेहरे. हुकूमशहा फ्रांकोचाही होता, तो 2017 मध्ये काढला. चौकोन दिसतो खरा, पण बाजू सारख्या नाहीत, चालून बघा. गावातली माणसं भेटायचं ठरवतात ते तिथल्या नगरपालिकेच्या घड्याळाखाली. सासूबाईंना तिथे बाकावर बसवलं तरी त्यांची संध्याकाळ मजेत जाईल.

तुम्ही शिक्षिका, म्हणून विद्यापीठाच्या आत नक्की जा. तिथे शिकवणारे साधू आणि कवी फ्राय लुईस दे लिऑन यांचा वर्ग जपलाय. बाकं म्हणजे नुसते तासलेले लाकडी ओंडके, आणि त्यावर पोरांनी चाकूनं कोरलेली नावं. (पोरं सगळीकडची सारखीच.) बायबलमधल्या एका भागाचं स्पॅनिश भाषांतर केलं, आणि आणखीही आरोप होते, म्हणून धर्मन्यायालयानं त्यांना 1572 ते 1576 तुरुंगात टाकलं. सुटून आले आणि वर्गात म्हणाले, ‘काल आपण म्हणत होतो की...’ हे खरंच म्हणाले का, यावर जाणकार मान हलवतात, पण तिथे मात्र प्रत्येकजण सांगतो. समोरच्या अंगणात त्यांचा पुतळा आहे. त्याच इमारतीतल्या सभागृहात 12 ऑक्टोबर 1936 ला कुलगुरू उनामुनो फ्रांकोच्या माणसांसमोर उभे राहून बोलले. पद गेलं, घरात नजरकैद झाली आणि वर्ष संपायच्या दिवशी, 31 डिसेंबरला ते वारले.

अंगणाच्या बाजूच्या छोट्या शाळेत ‘सालामांकाचं आकाश’ आहे. पंधराव्या शतकात विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या छतावर फेर्नांदो गायेगोनं राशी आणि नक्षत्रं रंगवली होती, त्यातला साधारण तिसरा हिस्सा उरलाय. खोली अंधारी ठेवतात. आत गेल्यावर लगेच बाहेर पडू नका, डोळे सरावले की मग सिंह, कन्या, वृश्चिक, सूर्याचा रथ दिसायला लागतात. आपल्या राशी आपल्याला बरोबर ओळखू येतात, सासूबाईंना सर्वांत जास्त हेच आवडेल बघा. मी गेलो तेव्हा तिकीट नव्हतं.

भिंतींवर लाल अक्षरात नावं दिसतील ती डॉक्टरेट मिळाल्याची. पूर्वी त्या रंगात बैलाचं रक्त घालत. आणि डॉक्टरेट तरी कशी! जुन्या कॅथेड्रलच्या ओवरीत सांता बार्बरा नावाचं लहान देऊळ आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री उमेदवाराला तिथे एकट्याला कोंडायचे. खुर्चीत बसायचं, पाय एका बिशपच्या थडग्याला टेकवायचे आणि रात्रभर वाचायचं. सकाळी मास्तर मंडळी प्रश्न विचारायला हजर. नापास झाला तर मागच्या गाड्यांच्या दारानं बाहेर.

जोडभावी_पेठ

काका, मी हे सगळं वर्गात सांगणार आहे, दहावीच्या पोरांना थडग्याला पाय टेकवून बसवायला पाहिजे! ह्यांना वाचून दाखवलं, तोलेदो रद्द. पण जिने? आणि जेवणाचं?

तोर्मेसकाठी

ताई, मी मूळची अक्कलकोटची, सध्या इथेच शिकते. जेवणाचं मी सांगते. इथलं प्रसिद्ध ‘ओर्नासो’ म्हणजे बाहेरून साधी पाव-कचोरी वाटते, आत डुकराचं मांस आणि उकडलेलं अंडं. हात लावू नका. ‘शाकाहारी’ म्हटलं तरी सॅलडवर टुना मासा येतो आणि भाजीत हामोन, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस. म्हणून प्रत्येक वेळी तीनदा म्हणायचं: सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन (मांस नको, मासे नको, हामोन नको). आजींसाठी त्याला ‘सिन वेवो’ जोडा, म्हणजे अंडं नको. बटाट्याची तोर्तिया सगळीकडे मिळते, पण ती अंड्यातच थापलेली असते, तुम्हाला चालते तर तुम्ही खा. इथे ‘पातातास मेनेआस’ म्हणून तिखटाचा कुस्करलेला बटाटा मिळतो, वर तळलेलं डुक्कर घालतात, ते आणि मांसाची चरबी नको म्हणून आधीच सांगा, चवीला आपलाच वाटेल. ला आर्मुन्याची मसूर इथली नावाजलेली, पण हॉटेलात चोरिसोशिवाय (डुकराच्या मांसाचं सॉसेज) शिजत नाही. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेतलंत तर दुकानातून आणून घरी करा.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी खुशाल आणा (मला पण आणा!). तूप, पेढे, खवापोळी नको. बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. आणि रात्री नऊच्या आधी बऱ्याच ठिकाणी जेवण मिळत नाही, आजींना सातला भूक लागणार हे धरून चाला.

टाकीचा_घाव

जिन्याचं म्हणाल तर कॅथेड्रलच्या बुरुजांवर जायचा मार्ग सोडा, गोल अरुंद जिना आहे. जुनं आणि नवं कॅथेड्रल आतून जोडलेलं आहे, ते दोन्ही बिनजिन्याचं बघून होतं. शिंपल्यांच्या वाड्यात आता सार्वजनिक वाचनालय आहे, चौकापर्यंत कुणीही जातं. नदीवरचा रोमन पूल बघायचा तर खाली उतरताना चालत जा, वर येताना टॅक्सी करा, चढ आहे. 26 कमानी आहेत, त्यातल्या शहराकडच्या 15 रोमन काळच्या, पलीकडच्या 1626 च्या पुरानंतर पुन्हा बांधलेल्या. फरक डोळ्यांना कळतो.

महिनाअखेर असाल तर 31 ऑक्टोबरला थांबा. 1755 च्या लिस्बनच्या भूकंपात कॅथेड्रलचा बुरूज हादरला पण पडला नाही, नंतर त्याला बाहेरून दगडाचं जाडजूड अस्तर चढवलं. त्याची आठवण म्हणून दरवर्षी एकजण पारंपरिक कपड्यात बुरुजावर चढतो आणि वरून वाद्य वाजवतो.

चामार्तीन स्टेशनवरून वेगवान गाडी साधारण पावणेदोन तासांत नेते, पण तशा गाड्या मोजक्या. 12 ऑक्टोबरला त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते, त्या शनिवार-रविवारची तिकिटं आजच बघा. आणि स्वेटर घ्या. गाव आठशे मीटर उंचीवर आहे, ऑक्टोबरची सकाळ आपल्या जानेवारीपेक्षा गार.

जोडभावी_पेठ

लेकीला आत्ताच फोन करते. अक्कलकोटच्या ताई, पत्ता मेसेजमध्ये टाका, चटणी किती आणू तेही सांगा.