आभार, उपकार, जाण, उतराई : घरातल्या घरात कोणता शब्द?

सातरस्ता :
'आभार', 'कृतज्ञता', 'उपकार', 'ऋण' यांतला कोणता शब्द घरात चालतो? डबे, शाळेची रिक्षा, कारखान्याची पाळी या सकाळच्या गडबडीत सून सासूला 'मी तुमची आभारी आहे' म्हणाली, तर टोमणाच वाटेल. शिवाय 'ग्रॅटिट्यूड जर्नल', म्हणजे ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं त्या गोष्टी लिहून ठेवायची वही, तिला मराठीत काय म्हणावं?

भीमाकाठ :
वाटणारच. 'आभार' हा सभेतला शब्द, आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधतात. 'उपकार' घरात बहुतेक तिरकाच येतो : 'आलास एकदाचा? उपकार झाले!' 'ऋण' आईबापांचं, गुरूचं, म्हणजे न फिटणारं. 'पांग' मुलांनी आईबापांचे फेडायचे. नवऱ्यानं बायकोचे पांग फेडले, असं कुणी म्हणत नाही. 'उतराई' तर होता येत नाही हे सांगायलाच जास्त वापरतात. तुकोबांचं 'काय द्यावें त्यांसी व्हावें उतराई' त्याच सुरातलं.

घरातला शब्द 'जाण'. 'कृतज्ञ' फोडला तरी तेच हाती येतं : कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. मात्र या अर्थी जाण माणसाची नसते, त्यानं केलेल्याची असते. 'मला तुझी जाण आहे' अवघडलेलं वाटतं; 'तुझ्या कष्टांची जाण आहे' बरोबर.

कडकभाकरी :
तेही रोज तोंडात येत नाही. येतं ते असं : 'तुझा हात लागला म्हणून वेळेत झालं.' 'तू होतीस म्हणून निभावलं.' सोलापुरात तर 'बरं केलास की!' एवढ्यावर भागतं (पुस्तकी मराठीत 'केलंस').

या बोलण्यात दोन भाग असतात : कुणी काय केलं आणि त्यानं काय सुटलं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा 'पहाटे उठून पिंप भरलंस, म्हणून आज धुणं निघालं' हे पुरेसं. 'तुम्ही सगळं किती करता हो' फसतं, कारण 'सगळं' म्हणजे नेमकं काय ते ऐकणाऱ्याला कळत नाही. दुसरी खोट 'पण'ची : 'भाकरी छान झाल्यात, पण चटणीत लसूण कमी पडला.' लक्षात लसूणच राहतो. तिसरी, कौतुकाला लागूनच नवं काम सांगणं. मग पुढच्या वेळी कौतुक ऐकलं की माणूस सावध होतो.

सातरस्ता :
आणि वही?

भीमाकाठ :
'कृतज्ञतेची वही' म्हणा, सरळ कळतं. 'जाणवही' आटोपशीर आहे, पण रुळलेला नाही. रोज लिहायलाच हवं असंही नाही. एमन्स आणि मॅककुलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासातल्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच गोष्टी, असं १० आठवडे लिहायचं होतं. घाईच्या घरात रोजची वही चौथ्या दिवशी 'आई, बाबा, तब्येत' यावर येते. रविवारी तीनच ओळी, प्रत्येकीत माणूस आणि काम. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवरही मावतात.

होटगीरोड :
एकही आभाराचा शब्द न उच्चारता हेच करायची रीत जिल्ह्यात आहेच : वेळ अमावास्या, बोलीत येळवस. मार्गशीर्ष अमावास्येला शेतात कडब्याची कोप (खोपटी) उभारतात, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा करतात. नैवेद्याला भज्जी (भाज्या-शेंगांची मिसळ भाजी), उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील. मग वाटसरूलाही हाक मारून जेवायला बसवतात. रान पिकलं त्याची ही जाण.

कडकभाकरी :
आपल्या शहरात तीन भाषा नांदतात, तिथंही तेच. तेलुगूत 'धन्यवादालु', कन्नडात 'धन्यवादगळु', दोन्ही भाषणात शोभणारे. मराठीतला 'धन्यवाद' त्याच जातीचा. जाता जाता : 'आभार' नेहमी अनेकवचनी आणि ते मानायचे. 'तिचा आभार व्यक्त केला' चूक, 'तिचे आभार मानले' बरोबर. व्यक्त करायची ती कृतज्ञता, आणि तीही 'तिच्याविषयी'.